सोळा वर्षांची डिझेल गाडी, मुक्तिनाथ आणि वीतभर रबरी पाइप

2024 च्या गणपतीत कोरेगावकडचे एक निवृत्त गुरुजी गाडी घेऊन माझ्या गॅरेजला आले. सर्व्हिसिंगची वेळ नव्हती. चहा होईपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हिला घेऊन नेपाळात मुक्तिनाथच्या देवळाला जायचंय. जाईल का ते सांग. पण माझं मन राखायला म्हणून सांगू नकोस."

साताऱ्यात मी बावीस वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतो. लांबच्या प्रवासाआधी गाडी दाखवायला येणारे पुष्कळ असतात, पण बहुतेक जण निघायच्या दोन दिवस आधी येतात आणि "एकदा नजर टाका" म्हणतात. गुरुजी दोन महिने आधी आले होते. म्हणून हे काम मी पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत गेलो. ज्यांच्या दारात अशी जुनी, जिवापाड सांभाळलेली डिझेल गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी ते सगळं इथे मांडतो आहे. यात माझी एक चूक आहे आणि ती चांगली मोठी आहे. ती वगळून हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

गाडी

सात सीटांची, अडीच लिटरची, कॉमन रेल (फार मोठ्या दाबाने डिझेल मारणाऱ्या पद्धतीची) टर्बो डिझेल. 2008 च्या दसऱ्याला घेतलेली. मीटरवर 1 लाख 38 हजार. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे जे झालं ते या वयाच्या कोणत्याही गाडीत होऊ शकतं, त्यात कंपनीचा दोष नाही.

पहिल्या आठ वर्षांत ही गाडी लाखभर किलोमीटर पळाली. गुरुजी निवृत्त झाल्यावर पुढच्या आठ वर्षांत जेमतेम 38 हजार. आठवड्यातून एकदा साताऱ्याला, कधी पंढरपूर, कधी लेकीकडे सांगलीला. बाकीचे दिवस पत्र्याच्या शेडखाली उभी. गुरुजींना वाटत होतं, गाडी कमी पळाली म्हणजे कमी झिजली. इंजिनापुरतं ते खरं होतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं भरलं, इंजेक्टरच्या रिटर्नचं डिझेल चार बाटल्यांत धरलं तर चारीत एकाच पातळीला. टर्बोच्या दांड्यात खेळ नाही. ऑइलची काठी ओढली की धूर नाही. लोखंडाला मी पहिल्याच दिवशी पास केलं.

पण लोखंडाबरोबर गाडीत पाच-पन्नास ठिकाणी रबर असतं आणि ते किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. गरम होणं, गार होणं, तेल लागणं, नुसतं उभं राहणं, या सगळ्यांनी ते कडक होतं. आपण सर्व्हिसिंगची वही लिहितो ती मात्र फक्त किलोमीटरची. गुरुजींच्या गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा, 2016 मध्ये लाखाला बदललेला होता, पुढचा दोन लाखाला. वहीप्रमाणे 62 हजार शिल्लक. बेल्ट काढून उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी केसासारख्या रेषा होत्या. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा इतकी थोडी असते की बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतातच. तो बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि आयडलर, तिन्ही बदलले.

टायरांचंही तसंच. नक्षी भरपूर शिल्लक, पण बाजूवरचा चार आकडी शिक्का सांगत होता की टायर 2017 चे आहेत. त्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. समृद्धीच्या सिमेंटवर तासन् तास एका वेगाने पळताना टायर तापतात, आणि सात वर्षांच्या रबरावर पाच माणसं न्यायला मी तयार नव्हतो. स्टेपनीसकट पाच नवे घेतले. गुरुजींनी पहिल्यांदा कपाळाला आठी घातली ती इथे.

मग रेडिएटर. त्यात कूलंट नावालाच होतं, वरून वरून घरच्या विहिरीचं पाणी. साताऱ्यात त्याने गंज चढतो एवढंच. मुक्तिनाथकडे नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री पाणी गोठतं, आणि गोठलेलं पाणी फुगून इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतं. सगळं धुऊन निम्मं कूलंट, निम्मं बाटलीतलं शुद्ध पाणी भरलं, ते उणे 35 च्या आसपास टिकतं. सोबत रेडिएटरचं झाकणही बदललं. झाकण क्षुल्लक वाटतं, पण मुक्तिनाथच्या 3,700 मीटर उंचीवर उघडं पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं. गाडीचं पाणी तिथेही उकळत नाही, ते झाकणातल्या रबरी चकतीने धरलेल्या दाबामुळे. चकती वाकली असेल तर आपल्या पसरणी घाटात न तापणारी गाडी तिथे तापते.

डिझेलच्या लाइनमध्ये एक गोष्ट सापडली ती अनेक जुन्या गाड्यांत सापडते. सकाळी सेल जास्त वेळ मारावा लागायचा. एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 या प्रदूषणाच्या नव्या मानकाचं डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त नसतं. ते काढताना डिझेलमधले आणखीही काही घटक कमी होतात. त्यांच्यावर वर्षानुवर्षं फुगून बसलेल्या जुन्या रबरी रिंगा मग आक्रसतात. डिझेल बाहेर गळत नाही, पण रात्रभरात लाइन हवा धरते. फिल्टरच्या डोक्यावरच्या रिंगा आणि रिटर्नचे बारीक पाइप बदलले, तक्रार गेली.

गार इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे हीटर प्लग चारपैकी दोन मेलेले. गुरुजींना पत्ताच नव्हता, कारण आपल्याकडच्या थंडीत दोन प्लगवरही इंजिन घेतं. बॅटरी चार वर्षांची होती, तीही बदलली.

वरखालचे कूलंटचे होस, हीटरचे होस, फॅन बेल्ट, चाकांजवळचे चारही ब्रेकचे रबरी पाइप, ब्रेक आणि क्लचचं ऑइल, खालचे बुश. वहीत यादी मोठी आहे, सगळी इथे देत नाही. एक ओळ मात्र जशीच्या तशी देतो: "बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप – बघितला – ठीक."

हा पाइप कशाचा ते सांगतो. ब्रेक दाबताना पायाला मदत करतो तो बूस्टर. पेट्रोल गाडीत त्याला लागणारा व्हॅक्यूम इंजिन हवा ओढतं त्या नळीतून मिळतो. डिझेलला तो तसा मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. या गाडीत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला. तिथून एक वीतभर रबरी पाइप, पुढे लोखंडी नळी, मग पुन्हा रबर आणि बूस्टर. वीतभर तुकडा वरून काळाभोर, तुकतुकीत दिसत होता. मी बोटाने दाबला, मऊ लागला, ठीक लिहिलं. ती तुकतुकी नवेपणाची नव्हती, पंपातून येणाऱ्या तेलाच्या वाफेची होती. मऊपणाही त्याचाच. हे मला कळायला हवं होतं.

घाटातल्या चाचण्या

काम ऑक्टोबरच्या मध्याला संपवलं. निघायच्या आदल्या आठवड्यात गाडीला पाना लावायचा नाही, हा माझा जुना नियम आहे, कारण नव्या कामातले दोष पहिल्या पाचशे किलोमीटरांत बाहेर येतात. दिवाळीआधी गाडी पाच माणसं आणि सामानासकट पसरणी घाटातून पाचगणी-महाबळेश्वरला नेली, रात्रभर उघड्यावर ठेवली, पहाटे पाचला एका सेलमध्ये चालू झाली. नंतर कोयनेवरून कुंभार्लीने चिपळूणला जाऊन आलो. एक क्लिप ढिली निघाली, ती आवळली. तापमानाचा काटा हलला नाही, ब्रेक उत्तम. वरचं कॅरियर मात्र मी काढायला लावलं. सामान टपावर गेलं की वळणावर गाडी झुकते, आणि माणसं जागा आहे म्हणून आणखी एक बॅग घेतातच.

कागद

नेपाळला जायला भारतीय गाडीला कार्नेटची, म्हणजे गाडी परदेशात न्यायच्या कस्टमच्या हमीपत्राची, गरज नाही, आपलं लायसन्स चालतं, आपल्याला व्हिसा नाही. पण जुन्या गाडीच्या कागदांत अडायच्या जागा वेगळ्या असतात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. ती संपली की पासिंग करून पाच वर्षांनी वाढवावी लागते. गुरुजींनी 2023 मध्येच ती 5,000 रुपये फी आणि हरित कर भरून 2028 पर्यंत वाढवली होती. ते नसतं तर बाकी सगळं बोलणं फुकट होतं.

विमा बघितला तर बऱ्याच जुन्या गाड्यांसारखा नुसता थर्ड पार्टी. आपल्या मोटार विम्याची हद्द भारतापुरती असते. नेपाळसाठी वेगळा हप्ता भरून भौगोलिक हद्द वाढवून घ्यावी लागते, आणि तसं पुरवणी पान पॉलिसीला जोडून मिळतं. मागितल्याशिवाय ते मिळत नाही. एजंट म्हणाला, "नेपाळात कोण बघतंय?" बघण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे कुणाला धक्का लागला तर भरपाई गुरुजींच्या पेन्शनमधून जाणार होती. पान घेतलं.

गुरुजींच्या मुलाच्या मनात परतताना दिल्लीला मित्राकडे जायचं होतं. मी नको म्हटलं. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या राजधानी क्षेत्रात चालवायला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच मनाई केली होती. शिवाय आम्ही निघायच्या तीन दिवस आधी, 18 नोव्हेंबरला, तिथे प्रदूषणाचे चौथ्या टप्प्याचे निर्बंध लागले. राजधानी क्षेत्र म्हणजे नुसती दिल्ली नव्हे. मेरठ, बुलंदशहर, अलवर, भरतपूर हे जिल्हेही त्यात येतात. म्हणून आम्ही नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर असा पूर्वेकडचा रस्ता धरला.

रस्ता

विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. मत दिल्याशिवाय गुरुजी गाव सोडणार नव्हते. 21 तारखेला पहाटे निघालो: गुरुजी, काकू, मुलगा, सून आणि मी. मी सोबत असावं ही काकूंची अट होती. "गाडी तू बघितलीस ना, मग तूच चल," एवढंच म्हणाल्या.

नेपाळच्या सीमेवरच्या सुनौलीपर्यंत जवळजवळ अठराशे किलोमीटर. समृद्धीवर 120 ची परवानगी आहे, आम्ही 85 ओलांडली नाही. दर दोन तासांनी थांबून चाकांच्या कडांना हात लावून बघायचो. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागलं तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय असं समजायचं. एकदाही तसं झालं नाही. प्रयागराजला कुंभाची तयारी जोरात चालली होती, काकूंनी संगमावर हात जोडले. पाचव्या दिवशी सीमेवर भन्सार भरला, म्हणजे गाडी आत न्यायचं तात्पुरतं शुल्क. दिवसांवर आकारतात, आणि वर्षाला 30 दिवसांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही. पावती जपावी लागते, परतताना दाखवायची असते. आपल्या शंभरच्या नोटा सोबत घेतल्या होत्या, कारण त्याहून मोठ्या तेव्हा तिथे चालत नव्हत्या. आपले 100 म्हणजे नेपाळी 160.

बुटवल सोडलं की सिद्धबाबाच्या कड्याखालून रस्ता डोंगरात शिरतो. तिथे दरडी पडतात, म्हणून आम्ही ते अंतर न थांबता काढलं. तानसेन, स्याङ्जा, पोखरा. सिद्धार्थ राजमार्गाची वळणं आपल्या आंबेनळीची आठवण करून देतात, फक्त ती दिवसभर संपत नाहीत. पोखऱ्यात अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचे परवाने काढले. आपल्याला माणशी नेपाळी एक हजार पडतात. मग बेनी, तातोपानी आणि काली गंडकीची दरी. एका बाजूला धौलागिरी 8,167 मीटर, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा 8,091 मीटर, मध्ये नदी आणि तिच्या काठाने आपली गाडी. गुरुजींनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. त्या दिवशी ते पुढच्या सीटवर बसून एक शब्द बोलले नाहीत.

जोमसोमला 29 च्या रात्री थांबलो. मुक्तिनाथच्या पायथ्याला राणीपौव्यात राहण्याऐवजी हजार मीटर खाली राहायचं, हे आधीच ठरवलं होतं, माणसांसाठीही आणि डिझेलसाठीही. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. आपल्याकडचं हिवाळ्यातलं साधं डिझेलसुद्धा शून्याच्या खाली फार तग धरत नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 पर्यंत वाहणारं वेगळं डिझेल आणलं ते याचसाठी. काही जण रॉकेल मिसळा सांगतात. जुन्या पंपाच्या गाडीला ते निभावायचं, कॉमन रेलच्या पंपाला नाही, कारण त्याला वंगण डिझेलचंच असतं. आम्ही फिल्टरमधलं पाणी काढून ठेवलं, गाडीचं तोंड पूर्वेला केलं आणि ऊन इंजिनावर येईपर्यंत थांबलो. काचेवर बर्फाचा पापुद्रा होता. सेल मारला, इंजिन थोडं थरथरलं आणि चालू झालं. नवे हीटर प्लग लागू पडले म्हणून मला फार समाधान वाटलं. त्या थरथरीत दुसरंही काही झालं असावं, हे तेव्हा मनात आलं नाही.

कडक पेडल

30 नोव्हेंबरला, कार्तिक सरायच्या आत, काकूंनी मुक्तिनाथाचं दर्शन घेतलं. देवळामागच्या गार पाण्याच्या 108 धारांखाली त्या स्वतः चालत गेल्या, आम्ही फक्त टॉवेल धरून उभे होतो.

राणीपौव्यात गाडी लावताना ब्रेकचं पेडल मला नेहमीपेक्षा कडक लागलं होतं. त्याचं कारण मला माहीत होतं, आणि तिथेच चुकलं. बूस्टरच्या पडद्याच्या एका बाजूला व्हॅक्यूम असतो, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. पायाला जी मदत मिळते ती या दोहोंतल्या फरकाची. 3,700 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षाही थोडा कमी, म्हणजे मदतही तेवढीच. हे मी गुरुजींच्या मुलाला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण खरं कारण हाताशी होतं म्हणून मी दुसरं शोधलंच नाही.

खाली कागबेनीला उतरलो, जोमसोमला मुक्काम केला. 2,700 मीटरवर पेडल सैल व्हायला हवं होतं, थोडंच झालं. सकाळी मी म्हटलं, थंडी आहे. मार्फात सफरचंदं घेतली, तुकुचे गेलं, कालोपानी गेलं. पेडल तसंच. घासा सोडल्यावर रस्ता दरीत कोसळल्यासारखा उतरतो. तिथे मी दुसऱ्या गिअरवर होतो, इंजिनाची रेस बरी होती आणि ब्रेक लागत होता. रुप्से धबधब्याच्या अलीकडे समोरून जीप आली, मी क्लच दाबून गाडी अगदी हळू केली आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं. पाय खाली जाईना. दोन्ही पायांनी दाबल्यावर गाडी रेंगाळली. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला थोडी सपाटी होती तिथे चाकाखाली दगड देऊन थांबवली. डावीकडे नदी चांगली खोल होती. मागे कुणी ओरडलं नाही. सून काकूंचा हात धरून बसली होती.

बूस्टर मेला तरी ब्रेक मरत नाही. फक्त पायाची ताकद कित्येक पट लागते. अशा वेळी इंजिन बंद करू नये, कारण स्टेअरिंगही जड होतं, आणि पेडल परत परत मारू नये, कारण बूस्टरमध्ये उरलेला थोडाफार व्हॅक्यूम संपतो. गिअर खाली घ्यावा.

थांबल्यावर मी जी चाचणी केली तिला अर्धं मिनिट लागतं. इंजिन बंद करायचं, पेडल तीन-चार वेळा दाबून आतला व्हॅक्यूम संपवायचा, मग पेडलवर पाय ठेवून इंजिन चालू करायचं. बूस्टर आणि पंप ठीक असतील तर पेडल आपोआप पायाखाली थोडं बसतं. ही परीक्षा कितीही उंचीवर करता येते. उंचीने ते कमी बसेल, पण बसेल. आमचं तसूभर हललं नाही. हीच परीक्षा मी राणीपौव्यात करायला हवी होती. रोज गॅरेजमध्ये करतो.

बॉनेट उघडून वीतभर पाइपावरून हात फिरवला. खालच्या बाजूला, जिथे क्लिप चावते तिथे, बोट चिरेत शिरलं. आतून तेलाने फुगलेला, बाहेरून अल्टरनेटरच्या उष्णतेने तडकलेला, आणि जोमसोमच्या गारठ्यात कडक झाल्यावर इंजिनाच्या थरथरीने उघडलेला. रेस जास्त असली की पंप एवढी गळती भरून काढायचा, म्हणून घाटात गिअरवर उतरताना ब्रेक बरा लागायचा. रेस पडली की मदत शून्य. चिरेची शिट्टी वाजत असणार, पण डिझेलच्या आवाजात ती ऐकू आली नाही.

सामानात सायकलची जुनी ट्यूब आणि बाइंडिंगची तार होती. ट्यूबची पट्टी ताणून पाइपावर पाच-सहा वेढे घेतले आणि तार पिळली. कूलंटच्या किंवा डिझेलच्या दाबाच्या पाइपाला हा उपाय टिकत नाही, आतला दाब पट्टी उचलतो. व्हॅक्यूमच्या पाइपात उलटं होतं, बाहेरची हवा पट्टीला आत दाबत राहते. इंजिन चालू केलं, पेडल पायाखाली बसलं. गुरुजींनी स्वतः पाय ठेवून बघितलं, मग म्हणाले, "आता हळू चल." मी सगळ्यांना सांगितलं की हे मला कालच कळायला हवं होतं. काकू म्हणाल्या, "घरी गेल्यावर बोलू. आधी खाली पोचव."

बेनीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरलो. त्या रस्त्यावर भारतीय जीपच धावतात, त्यामुळे सुट्या भागांची अडचण नाही. तिथल्या गॅरेजमधल्या दाइने (नेपाळीत दादाने) आधी डिझेलचा पाइप कापून द्यायला काढला. मी नको म्हटलं, पातळ भिंतीचा पाइप व्हॅक्यूमने चपटा होतो. मग त्याने एका जुन्या जीपचं सामान धुंडाळून जाड भिंतीचा, आत दोऱ्याचं विणकाम असलेला तुकडा काढला. भारतीय साडेतीनशे रुपये घेतले, आणि दोन नव्या क्लिपा त्याने स्वतःहून लावल्या.

पोखऱ्यात आल्यावर मी गुरुजींना सांगितलं की पशुपतिनाथाला बसने जाऊ. गाडी जाऊ शकली असती. पण पोखरा-काठमांडूच्या पृथ्वी राजमार्गाचं रुंदीकरण चाललं होतं, दिवसभर धूळ आणि रांगा, आणि मला एक दिवस गाडीखाली शांतपणे घालवायचा होता. एक रबर मी चुकीचं ओळखलं होतं, म्हणजे आणखीही ओळखलं असेल. चौघं बसने काठमांडूला गेली. मी पोखऱ्यात थांबून उरलेला प्रत्येक पाइप क्लिप सरकवून, आरसा धरून, खालच्या बाजूने बघितला. पॉवर स्टेअरिंगच्या परतीच्या पाइपाला तशीच चीर सुरू झालेली होती, तो तिथेच बदलला.

घरी परतेपर्यंत एकूण साधारण चार हजार चारशे किलोमीटर झाले. ऑइल काठीवर जेमतेम बोटाच्या पेराएवढं उतरलं. ॲव्हरेज बारा-साडेबाराचं. निघण्याआधीचं सगळं बिल 71 हजार होतं, त्यात पाच टायर. गुरुजींच्या पुण्याच्या भाच्याने विचारलं, एवढ्यात भाड्याची नवी गाडी आली नसती का? आली असती. ज्याला भाड्याची गाडी चालते त्याला मी तोच सल्ला देईन. पण ज्याला आपलीच गाडी न्यायची आहे त्याला "जुनी आहे, नको" म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. सोळा वर्षांचं चांगलं इंजिन पुढच्या सोळा वर्षांना तयार असतं. त्याच्याभोवतीचं रबर नसतं, आणि ते बदलता येतं.

डिसेंबरात गाडी पुन्हा गॅरेजला आली तेव्हा जीपचा तुकडा काढून योग्य मापाचा पाइप बसवला. माझ्या सर्व्हिसिंगच्या वहीत तोवर दोनच रकाने होते, काम आणि किलोमीटर. गुरुजींच्या पानावर मी पट्टीने तिसरी रेघ मारली आणि वर "वर्ष" लिहिलं. मग आठवून आठवून प्रत्येक रबरासमोर ते भरत गेलो. हीटरचे होस 2024. ब्रेकचे पाइप 2024. बूस्टरचा पाइप, डिसेंबर 2024. मागच्या एसीच्या दोन पाइपांसमोर 2008 लिहावं लागलं. गुरुजी शेजारी उभे राहून वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे दोन कधी करायचे?"

"उन्हाळ्याआधी," मी म्हणालो, आणि समोर मार्च लिहिलं.